भाऊबंदकी, बिबट्या आणि बोन सेट

लोकांना ज्या वस्तू घरात नको असतात, पण फेकायचीही भीती वाटते, त्या मी घेते आणि विकते. पाय कापायची करवत, विषाच्या निळ्या बाटल्या, दात उपटायची किल्ली, जळवांची बरणी, मढ्याला मध्ये बसवून काढलेला अख्ख्या कुटुंबाचा फोटो, काचेच्या डोळ्यांची डबी. मालवणपासून शिरोड्यापर्यंतच्या पट्ट्यात असल्या मालाला तोटा नाही, कारण बंद घरांना तोटा नाही. मालक मुंबईत, चावी शेजाऱ्याकडे आणि माळ्यावर तीन-चार पिढ्यांनी 'बघू मगे' म्हणत सरकवून ठेवलेलं सामान.

लोक मला भुतांबद्दल विचारतात. मला आजवर त्रास दिलाय तो हिस्सेदारांनी.

मध्यंतरी वेंगुर्ल्याजवळच्या एका घराचं काम केलं. या धंद्यात जे जे म्हणून अडतं, ते सगळं त्या एका माळ्यावर होतं, म्हणून तेच सांगते.

घर डॉक्टरांचं, म्हणजे मला फोन करणाऱ्या गृहस्थांच्या पणजोबांचं. ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले, काही वर्षं नोकरी केली आणि गावी परतून ओटीवर दवाखाना थाटला. आता घर उतरवून तिथे होमस्टे बांधायचा बेत होता. माझ्याआधी दोघे येऊन गेले होते. भंगारवाल्याने तांबं, पितळ, लोखंड असा किलोचा भाव सांगितला. मुंबईच्या चोरबाजारातून आलेल्या व्यापाऱ्याने सागवानी खांब, झोपाळ्याच्या कड्या आणि आरसे एवढंच मागितलं. वरच्या पेट्या उघडल्यावर तो शिडीवरूनच मागे फिरला म्हणे. चावी सांभाळणाऱ्या शेजारच्या आबांनी मला अंगणातच गाठलं. "वर डॉक्टराचो माणूस आसा. हाडांचो. आदीच सांगतंय, मगे बोलशीत सांगूक नाय."

माझी पहिली अट कायम एकच असते: सगळ्या वारसांची यादी द्या. घरपट्टीच्या उताऱ्यावर एकाचं नाव असतं, पण माळ्यावरची करवत त्या एकाची नसते. इथे तर उताऱ्यावर अजून पणजोबांच्या थोरल्या मुलाचंच नाव होतं आणि त्यांना जाऊनही एक पिढी उलटली होती. बाकीचे वारस पांगलेले: डोंबिवली, वसई, बेळगाव आणि एक नातू दुबईत. फोनवर सगळे 'तुम्ही करा हो, आमची काही हरकत नाही' म्हणतात. हरकत वस्तूचा पहिला फोटो बघितल्यावर निघते. तेव्हा ठरलं असं, की पावसाआधी मी फक्त यादी करायची, चतुर्थीला सगळे गणपतीला गावी येतील तेव्हा ती सगळ्यांसमोर वाचायची, ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर संमती घ्यायची आणि मगच माल उंबऱ्याबाहेर न्यायचा.

माळा उघडण्याआधी आबांनी गाऱ्हाणं घातलं. नारळ ठेवला, टोपी सारखी केली आणि सुरू झाले: "बा देवा म्हाराजा, ह्या घराच्या मूळपुरसा, आज ही लेकरां तुझ्या दारात उबी आसत. जां काय हयसून भायर जातला, तां रितीन जांव दे. काय चूकभूल झाली तर पदरात घे रे म्हाराजा." मागे उभ्या असलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं, मीही म्हटलं. मी नास्तिक आहे, पण घराची रीत ती रीत. शिवाय त्यानंतर गडी बिनधास्त शिडी चढतात, हा फायदा वेगळाच.

यादीची माझी पद्धत साधी आहे. वस्तू हलवायच्या आधी जागेवरच फोटो. मग दोऱ्याने बांधलेली कागदी चिठ्ठी, तिच्यावर पेन्सिलीने आकडा. चिकटपट्टी कशालाही लावायची नाही. वहीत तीन रकाने: काय आहे, मला काय दिसतंय, आणि कुणी काय सांगितलं. तिसरा रकाना दुसऱ्यात मिसळू द्यायचा नाही, धंद्याची अर्धी इभ्रत त्यात आहे. हातमोजे आणि मास्क सक्तीचे. उंदराच्या मुताने लेप्टोचा ताप येतो हे सिंधुदुर्गात कुणाला समजवावं लागत नाही. जुन्या पेंढा भरलेल्या जनावरांच्या कातड्याला आतून आर्सेनिकचा साबण चोळलेला असतो, हे मात्र समजवावं लागतं. शंभर वर्षांनीही ते विष तिथेच असतं आणि मुलं त्या वाघाच्या डोक्यावर बसून फोटो काढतात.

पहिल्याच फडताळात काम थांबलं. दवाखान्याच्या बाटल्यांमध्ये एक रुंद तोंडाची बाटली होती, लेबलवर पिक्रिक अॅसिड आणि बुचाभोवती पिवळे खडे. भाजल्यावर लावायला पूर्वी हे सर्रास वापरत. ओलं असतं तोवर ठीक. सुकलं की ते स्फोटक, बूच फिरवल्याच्या घर्षणानेही उडू शकतं. मी सगळ्यांना खाली उतरवलं आणि पोलिसांना कळवलं. बॉम्बशोधक पथकाने येऊन ती बाटली नेली. गावात आजही ही गोष्ट 'डॉक्टराच्या माळ्यार बाँब गावलो' अशीच सांगितली जाते आणि मी ती सुधारायचा नाद सोडला आहे.

बाकीच्या बाटल्या सुंदर होत्या. गडद निळी काच, सहा कोनांच्या, अंगावर उभ्या रेघा उठवलेल्या. विषाच्या बाटल्या अशा खरखरीत करत, म्हणजे रात्री कंदील विझलेला असला तरी हाताला कळावं की ही खोकल्याची नव्हे. आत काही उरलं असेल तर मी धूत नाही. इथलं सांडपाणी माडाच्या आळ्यात जातं, आणि त्या आळ्यापासून विहीर किती लांब असते ते कोकणातल्या माणसाला ठाऊक आहे. भरलेल्या वेगळ्या काढल्या. त्या घातक कचऱ्यात गेल्या. रिकाम्या विकल्या.

शस्त्रक्रियेची पेटी म्हणजे त्या माळ्याचं सोनं. पितळी कोपऱ्यांची लाकडी पेटी, आत कसरीने खाल्लेलं मखमल, त्यात करवत, लांब पातं, रक्त थांबवायचा स्क्रूचा पट्टा, कवटीला भोक पाडायचं गोल दातांचं हत्यार. अशा हत्याराचं वय सांगते ती त्याची मूठ. १८६७ मध्ये ब्रिटिश सर्जन लिस्टरने जखमेतले जंतू मारायला कार्बोलिक अॅसिडचा वापर मांडला, पुढे हत्यारं उकळायची आणि वाफेवर निर्जंतुक करायची पद्धत रुळली. लाकूड, शिंग, हस्तिदंत उकळलं तर फुटतं, म्हणून मुठी जाऊन अख्खं हत्यार धातूचं झालं. त्या पेटीत दोन्ही काळ शेजारी-शेजारी होते: शिसवी मुठीची करवत आणि सबंध पोलादी चिमटे. डॉक्टरांनी जुनी पेटी कुणाकडून तरी घेतली आणि लागेल तशी भर घालत गेले असणार. हा माझा अंदाज आहे आणि वहीत तो अंदाज म्हणूनच लिहिला.

दात उपटायची किल्ली लोकांना सगळ्यात जास्त आवडते. दिसायला खरंच कुलपाची किल्ली, टोकाला आकडा. आकडा दाढेत अडकवायचा आणि किल्ली फिरवायची. दाढ निघायची, कधी कधी जबड्याचा तुकडाही निघायचा. या किल्लीची मूठ पांढरी होती. भंगारवाल्याने 'हाड' म्हटलं होतं. भिंगाखाली बघितलं: हाडात बारीक काळे ठिपके आणि रेषा दिसतात, हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकांना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. मुठीच्या बुडाशी जाळी स्पष्ट होती. म्हणजे ती किल्ली विक्रीतून बाद. देशी हत्तीच्या दाताचा व्यापार वन्यजीव कायद्याच्या १९८६ च्या दुरुस्तीने आणि आयात आफ्रिकी दाताचा १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाला. वस्तू कितीही जुनी असो. 'तापलेली सुई टोचून बघ' असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्याने वस्तूला भोक पडतं, एवढंच.

मग आला बिबट्या. पडवीच्या भिंतीवर कधीकाळी होता, आता गुंडाळून गोणपाटात. तोंड उघडं, एक काचेचा डोळा गळलेला. फोन करणारे गृहस्थ बाजूला घेऊन म्हणाले, "ह्याचं गुपचूप काही होईल का? गिऱ्हाईक आहे." माझ्याकडे ते होत नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा आला तेव्हा असा माल जाहीर करायचा होता. राहून गेलेल्यांना २००३ मध्ये पुन्हा १८० दिवसांची मुदत मिळाली. ज्यांनी तेव्हा मालकीचा दाखला करून घेतला त्यांनाही कातडं विकता येत नाही, वारसाला देता येतं फक्त. या घराकडे दाखलाच नव्हता. मी गोणपाट पुन्हा बांधलं, हात लावणार नाही म्हणून सांगितलं आणि त्यांना वकिलाकडे पाठवलं. घर उघडताना सापडलं, अमुक वारस, अमुक तारीख, असं पत्र वनखात्याला गेलं. वनपाल आले, पंचनामा झाला, मापं घेतली, कातडं नेलं. पुढे काही झालं नाही. पण दुसऱ्या कुणाच्या बाबतीत होणारच नाही असं मी सांगत नाही; वकिलाला विचारा.

त्याच पंचनाम्यात करवतमाशाचं तोंडही गेलं. दोन्ही बाजूंना दात असलेलं, पुरुषभर लांब. कुणा मासेमार गाबिताने डॉक्टरांना औषधाच्या बदल्यात दिलेलं. आबांच्या वडिलांच्या काळी असे मासे जाळी फाडत. आबांनी स्वतः जिवंत एकही बघितलेला नाही. २००१ पासून तो वाघाच्या बरोबरीने वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वसईच्या आत्या हळहळल्या, कारण लहानपणी त्यांना त्याची भीती घालून जेवायला घालत.

आणि कोपऱ्यात, पत्र्याच्या ट्रंकेत, आबांचा 'हाडांचो माणूस'. मेडिकलची पोरं ज्याला हाफ सेट म्हणतात तो: कवटी, अर्ध्या बाजूची हाडं, तारेत ओवलेले हाता-पायाचे पंजे. कवटीची टोपी कापून पितळी आकड्यांनी बसवलेली, हाडांवर शाईने लॅटिन नावं. डॉक्टरांनी यावर अभ्यास केला होता. आजच्या पोरांपर्यंतही असे संच वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे विकतच येत गेले आहेत.

कवटीला गिऱ्हाईक किती, हे सांगितलं तर खरं वाटणार नाही. पुण्याचा एक टॅटूवाला, मुंबईचा एक सिनेमाचा कलादिग्दर्शक, आणि 'साधनेसाठी' मागणारे दोघे-तिघे, ज्यांचे फोन मी उचलत नाही. परदेशातल्या मोठ्या विक्रीच्या संकेतस्थळांनीही मानवी हाडं बंद केली. ईबेने २०१६ मध्ये. त्याआधी जगभरच्या वैद्यकीय शाळांना सांगाडे पुरवणारा देश आपलाच होता. कोलकात्यातून ते पेट्या भरभरून जात. १९८५ मध्ये सरकारने निर्यातीवर बंदी घातली. तिकडच्या जुन्या कपाटांत आजही जे सांगाडे लटकतायत, त्यातले कितीतरी बंगाल-बिहारचे. आणि ती माणसं कोण होती? ज्यांच्या चितेला लाकडं परवडली नाहीत, ज्यांना न्यायला कुणी आलं नाही, ती. आपल्याकडे १९४९ चा कायदा आहे, बेवारस मृतदेह वैद्यकीय शिक्षणाला देण्याचा. वर्गात त्या हाडांचा उपयोग होतो. कुणाच्या बैठकीच्या खोलीत, मेणबत्ती लावून? त्या माणसाला कुणी विचारलं होतं?

मी करवत विकते. करवतीखाली आलेला माणूस विकत नाही. हे मी वारसांना यादी वाचतानाच सांगितलं: बोन सेट एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागाला जाईल, पोच मिळेल, पैसे मिळणार नाहीत. बेळगावचे काका म्हणाले, "फुकट?" त्यांच्या मुलीने, जी स्वतः बीडीएस करतेय, त्यांच्याकडे असं बघितलं की विषय संपला.

चतुर्थीची बैठक आरतीनंतर माजघरात झाली. मी घाबरले होते बिबट्यामुळे वाद होईल म्हणून. वाद झाला टाकांवरून. देव्हाऱ्यामागच्या डबीत चांदीचे टाक होते, देवाचे आणि पूर्वजांचे, उभे पुरुष आणि एक बाई, झिजून नाकं-डोळे सपाट झालेली. चांदी नगण्य. पण दुबईच्या नातवाने कुठेतरी वाचलं होतं की पूर्वजांच्या टाकांना संग्राहक चांगले पैसे देतात. देतात, खरं आहे. शंभर वर्षांहून जुना टाक १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतो, विकायला परवाना लागतो, तो माझ्याकडे नाही आणि मी काढणारही नाही. वीरगळ, सतीशिळा, गधेगळ यांचेही फोटो लोक पाठवतात, 'शेतात पडलीय, नेता का?' म्हणून. गावच्या बांधावरचा दगड गावाचा. टाक घराचा. ते मी सांगितलं, पण घरातला कुणाचा, हे मी कशी सांगणार? वसईच्या आत्या म्हणाल्या थोरल्या घराचा मान. बेळगावचे म्हणाले, पूजा तर आम्हीच करत आलो. आवाज चढले. शेवटी आबा म्हणाले, "देवळात कौल लावा." दुसऱ्या दिवशी देवाचा निर्णय मागायला देवळात तांदूळ लावले, कौल बेळगावच्या बाजूने पडला. दुबईचा नातूही गप्प झाला. कौलाबद्दल माझं मत विचाराल तर कोर्टापेक्षा स्वस्त आणि त्याच दिवशी निकाल.

फोटोचं वेगळंच झालं. पुठ्ठ्यावर चिकटवलेला, मोठा, कडांना चांदीसारखी झाक आलेला. अंगणात खुर्चीवर बसवलेला म्हातारा, गळ्यात हार, नाकात कापूस, भोवती मुलं-सुना-नातवंडं, सगळ्यांची नजर कॅमेऱ्याकडे. घरात उजेड पुरायचा नाही म्हणून असे फोटो अंगणात काढत. इंटरनेटवर जुन्या विलायती फोटोंत मागे लोखंडी स्टँड दिसला की लोक 'हा मेलेला आहे, उभा केलाय' म्हणून विकतात. ती थाप आहे. तो स्टँड जिवंत माणसाने हलू नये म्हणून असे, मढं त्यावर उभं राहत नाही. इथे मात्र कापूसच सांगत होता. मी तो विकत घ्यायला तयार होते, नाव नसतं तर घेतलाही असता. पण आत्यांनी एकेक बोट ठेवून सगळ्यांची नावं सांगितली, अगदी कडेवरच्या पोरीपर्यंत. ती पोर म्हणजे त्यांची आई. मी वहीतला आकडा खोडला. आता तो स्कॅन करून त्यांच्या व्हॉट्सअॅप गटावर आहे.

विक्रीला उरलं ते असं: पेटी आणि हत्यारं, निळ्या बाटल्या, जळवांची बरणी, काचेचे डोळे, पेटीभर काचेच्या सिरिंजा आणि एक चिनीमातीच्या डोक्याची बाहुली. बाहुलीच्या अंगात भुसा, भुशात कीड. म्हणून तिला प्लास्टिकमध्ये गुंडाळून उणे वीसच्या फ्रीझरमध्ये ठेवलं, वस्तुसंग्रहालयंही कपड्यांच्या किडीला हेच करतात. माझा फ्रीझर म्हणजे नवऱ्याचा मासळीचा फ्रीझर. सुरमईच्या तुकड्यांखालून तिचा चेहरा दिसल्यावर कामवाल्या मावशींनी फोडलेली किंकाळी आळीभर ऐकू गेली. "गो बाय, ह्या काय घरात हाडलंस!"

बाहुलीला सगळ्यात जास्त विचारणा आली, आणि प्रत्येकाचा एकच प्रश्न: काही अनुभव आलाय का? आलाय म्हटलं असतं तर तिप्पट किंमत मिळाली असती. मी किडीचा अनुभव सांगितला. दैवी शक्तीची थाप मारून लोकांना गंडवलं तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहेच, पण त्याहून मला वहीतला दुसरा रकाना प्यारा आहे. कोकणात कथेला काय कमी? जुनं बोटीवरचं घड्याळ असो की रबराचं कडं, मालक सांगणार 'रामदासवरचं'. १७ जुलै १९४७ ला रेवसला येताना बुडालेल्या त्या बोटीवर सहाशेहून जास्त माणसं गेली. तिच्यावरची म्हणून मला दाखवलेली घड्याळं खरी धरली, तर प्रत्येक उतारूच्या हातात एकेक भिंतीवरचं घड्याळ होतं म्हणावं लागेल. एकजण तर 'हत्था जोडी' घेऊन आला, हिमालयातलं दुर्मीळ मूळ म्हणून. ते मूळ नसतं, घोरपडीच्या नराचं लिंग असतं सुकवलेलं. मी त्याला ते सांगितल्यावर त्याने तेवढ्याच घाईने हात पँटला पुसले.

पेटी पुण्याच्या एका निवृत्त सर्जनने घेतली. त्याला कथा नको होती, मुठी बघायच्या होत्या. बाटल्या कलादिग्दर्शकाने नेल्या, बाहुली नागपूरला गेली. प्रत्येक वस्तूबरोबर वहीतल्या तिन्ही रकान्यांची प्रत दिली. हिशेब वारसांच्या गटावर टाकला: विक्री, माझं कमिशन, वकील, स्टॅम्प, वाहतूक, बाकीचे समान भाग. एकेकाच्या वाट्याला आलेल्या पैशात मुंबईहून यायचं-जायचं भाडं सुटलं, थोडं वर. बेळगावच्या काकांनी विचारलं, हस्तिदंती किल्ली कुठे आहे. ती घरातच आहे, कपाटात, संमतीपत्रावर 'विक्रीस नाही' अशी नोंद करून. होमस्टेत पाहुण्यांना दाखवायलाही ठेवू नका, म्हणून मी बजावलंय.

मूळ फोन करणारे गृहस्थ आता बायकोच्या माहेरच्या घराबद्दल बोलतायत. शिरोड्याकडे, तिथे एक पेटी आहे जी म्हणे सासऱ्यांनी कुणाला उघडू दिली नाही. पेटीत काय असेल याचा अंदाज त्यांनी दोनदा सांगितला. मी त्यांच्याकडे मेव्हण्यांची नावं आणि फोन नंबर मागितलेत. ते अजून आले नाहीत.